बैल दोन, हजर

शहादेवाला वेडा कुणी ठरवलं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल.

गडी चकलांब्याचा. थोडी कोरडवाहू जमीन, घरात बायको सुंदरबाई, आणि दावणीला लाख्या न् मोऱ्या ही बैलजोडी. मृगाचा पाऊस पडून गेलेला, वाफसा झालेला, उद्या तिफण धरायची, आणि नेमका त्याच दिवशी तहसीलदारसाहेबांचा दौरा गावात उतरला. दौरा म्हणजे काय चीज असते ते निजामाच्या राज्यातल्या माणसाला विचारा! साहेब एक, शिपाई नऊ, तंबू चार, आणि ते सगळं ओझं पुढच्या गावाला न्यायचं गावच्या बैलांनी. वेठ म्हणायचे त्याला. मोबदला काही नाही, शिव्या तेवढ्या भरपूर. शिपायानं लाख्या-मोऱ्याची दावी सोडली. शहादेव हात जोडून म्हणाला, "सरकार, चार दिस थांबा. पेरणी हुकली तर वरीस गेलं माझं." शिपाई कशाला थांबतोय! तेव्हा या बाबानं काय करावं? गाडीचं जू काढलं, आपल्या खांद्यावर घेतलं, आणि थेट साहेबांच्या तंबूपुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बैलं ऱ्हाऊ द्या, मला जुंपा."

झालं! साहेबांनी पेशकाराला बोलावून जागच्या जागी लिहून घेतलं, की सदर इसम स्वतःला बैल समजतो. खाली सही, बाजूला शिक्का. तंबू शेवटी बैलांनीच नेले, आणि शहादेवाला नेलं सरायवाडीच्या पागलखान्यात.

ही सरायवाडी चौसाळ्याच्या वाटेवर. तिथं जुनी सराय होती. प्रवासी उतरायचे बंद झाले तेव्हा सरकारनं तिला जाड गजांचं फाटक बसवलं आणि आत वेडे ठेवले. चौदा वेडे, त्यांच्यावर एक दारोगा, एक जमादार, आणि अंगणात एक विहीर. दारोगा मोहनराव, अंगानं गुबगुबीत, बोलण्यात लोणी. त्यानं शहादेवाचा कागद वाचला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बैल समजतो काय? मग औषध सोपं आहे. बैलाचं काम द्या याला. दमला की आपोआप म्हणेल, मी माणूस आहे."

म्हणाला हो शहादेव! पहिल्याच दिवशी, मोटेच्या पहिल्याच फेरीला म्हणाला, "मालक, मी माणूस हाय." मोहनराव म्हणाला, "सगळे वेडे असंच म्हणतात."

आता यातली मेख ऐका. पागलखान्याच्या दप्तरात मोटेसाठी दोन बैल होते. खोटे नव्हेत, चांगले खरेखुरे, शिंगाखुरांचे बैल. पण ते पाच वर्षं चौसाळ्याला मोहनरावाच्या स्वतःच्या मळ्यात राबत होते. सरायवाडीच्या विहिरीवर जुंपायचा शहादेव, आणि त्याच्या जोडीला बद्रीनाथ म्हातारा. माणसाच्या ताकदीला झेपावी म्हणून मोट अर्ध्या मापाची शिवून घेतली होती. मोहनराव हे आपल्या दयाळूपणाचं उदाहरण म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

बद्रीनाथ म्हणजे साठीचा माणूस. मोठ्या दुष्काळात त्याची बैलजोडी दारात टाचा घासून मेली, तेव्हापासून त्याचं बोलणंच बंद झालं. पुतण्यांनी काही वर्षं सांभाळला, मग कपिलधारला देवदर्शनाला म्हणून नेला आणि धबधब्याखाली बसवून निघून आले. तिथून पोलिसांनी उचलला. नाव तेवढं हातावर गोंदलेलं होतं म्हणून कळलं. जुवात शहादेव उजवीकडं, बद्रीनाथ डावीकडं. चौदा महिने दोघं एका जुवाखाली चालले, आणि या चौदा महिन्यांत म्हातारा एक शब्द बोलला नाही. पण शहादेव अडखळला की तो थांबायचा. एवढं शहाणपण बाहेरच्या शहाण्यांत शहादेवाला दिसलं नव्हतं.

दर अमावस्येला सुंदरबाई यायची. चकलांब्याहून चालत, वाटेत मुक्काम करत. फाटकाशी बसायची, गजातून भाकरी द्यायची, आणि मोहनरावाला जाता-येता ऐकवायची. "माझा नवरा येडा न्हाई. येडे ज्यांनी कागद केला ते!" मोहनराव ऐकून हसायचा.

पण श्रावणात मोहनरावाचं हसू आटलं. हैदराबादेहून पत्र आलं, की अमावस्येला नाझिमसाहेब, म्हणजे खात्याचे बडे साहेब, मुआयन्याला येत आहेत. मुआयना म्हणजे तपासणी. पत्रात पुढं विचारलं होतं, पाच वर्षांत या पागलखान्यातून एकही वेडा बरा कसा झाला नाही? मोहनरावाला औरंगाबादेला बदली हवी होती, बढतीची. मग त्याला एक बरा झालेला वेडा दाखवणं भागच होतं. त्यानं शहादेवाला खोलीत बोलावलं. स्वतःच्या हातानं पाणी दिलं. म्हणाला, "साहेब विचारतील, तू कोण? तू एवढंच म्हणायचं, मी माणूस आहे, दारोगासाहेबांच्या औषधानं बरा झालो. त्याच दिवशी घरी. दुसरा एक शब्द काढलास तर इथंच म्हातारा होशील."

शहादेव म्हणाला, "एकच शब्द बोलंन मालक. जास्तीचा न्हाई." त्या दिवसापासून तो झोपेतसुद्धा तेच घोकू लागला. मी माणूस हाय, मी माणूस हाय. काय वेळ येते बघा माणसावर!

आता हैदराबादेत बसून तारीख ठरवणाऱ्याला कुठं ठाऊक, की श्रावणातली अमावस्या म्हणजे पोळा? वर्षातला तो एकच दिवस बैलाचा. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवलं तर गाव वाळीत टाकेल. मोहनरावाचा बेत असा, की मुआयन्यापुरते चौसाळ्याचे बैल आणून उभे करायचे. त्यानं जमादार त्रिंबकला आदल्या दिवशी धाडलं. त्रिंबक हात हलवत परत आला. मळ्यातल्या सालगड्यानं साफ सांगितलं होतं, "मालकाला म्हनावं, नोकरीवरून काढा. पोळ्याला बैल शिवंबाहेर जाणार न्हाई." आजूबाजूच्या चार वाड्यांतही तेच उत्तर. मोहनराव म्हणाला, "बरं. बैल पोळ्याला गेलेत असं सांगू. ही दोघं पहाटेच टाकीभर पाणी ओढून ठेवतील, मग सदरे घालून झाका त्यांचे खांदे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, बैलाचे खांदे मळतात. राबून राबून कातडं सोललेलं असतं, तिथं लोणी न् हळद चोळतात, आणि बैलाच्या कानात आमंत्रण सांगतात. सुंदरबाई त्या दुपारीच आली होती, आणि या खेपेला एकटी नव्हती, लाख्या-मोऱ्याला घेऊन आली होती. "धनी सुटणार असा निरोप आला, मग पोळा काय त्यांच्याबिगर करू?" बैल तिनं गावच्या मारुतीपुढं बांधले आणि खांदमळणीच्या लोणी-हळदीतलं थोडं पानात घालून गजातून शहादेवाला दिलं. त्यानं ते बद्रीनाथाच्या खांद्याला लावलं. म्हाताऱ्याचा खांदा काय सांगू! उघडं मांस, कडेनं माश्या. शहादेवाला वाटलं, आपण उद्या जाऊ, मग याच्या जोडीला कोण? कुणीही असेल, पण म्हातारा थंडीपर्यंत टिकत नाही. हा विचार त्याला नको होता. तो झटकावा म्हणून त्यानं थट्टा केली. म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

बद्रीनाथानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं.

पहाटे त्रिंबक जमादार जू घेऊन आला. शहादेव उठला. बद्रीनाथ बसून राहिला.

"ऊठ बे!" त्रिंबक म्हणाला. "कामून बसलास?"

आणि म्हातारा बोलला. इतक्या वर्षांचा गंज चढलेला आवाज, पण सगळ्या अंगणानं ऐकला. "आज पोळा हाय. मला आवतण हाय."

त्रिंबकनं चाबूक उचलला. आता हा त्रिंबकही कुणब्याचाच पोर. पोळ्याच्या पहाटे, हळद लावलेल्या खांद्यावर चाबूक टाकायचा? हात वरच राहिला त्याचा. आणि तेवढ्यात बाकीचे बारा वेडे येऊन बद्रीनाथाभोवती बसले. कुणी हसत होता, कुणी रडत होता, एक जण तर वर्षभर भिंतीकडं तोंड करून बसणारा, तोही वळून बसला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पण उठायचं नाही एवढं प्रत्येकाला कळलं होतं.

घाबरला तो एकटा शहादेव. तो बद्रीनाथाच्या पाया पडला. "बाबा, मी थट्टा केलती. ऊठ. आजचा एक दिस वढू, मग मी सुटतो, तिकडून तुझ्यासाठी अर्ज करीन. माझं घर हाय रे बाबा! ती बायको रस्त्यावर बैलं घिऊन बसलीय!" म्हाताऱ्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण उठला मात्र नाही. शहादेवाला त्याचा असा राग आला, असा राग आला, की हात धरून फरफटत न्यावं. आणि ज्या खांद्याला धरून ओढायचं, तोच खांदा हळदीनं पिवळा दिसत होता.

टाकी कोरडी राहिली. आणि नाझिमसाहेब वेळेच्या आधी आले.

टांग्यातून तीस मैल धूळ खात आलेला माणूस. उतरल्या उतरल्या म्हणाले, "दारोगा, पहले पानी लाओ. मुँह धोना है." मोहनराव म्हणाला, "हुजूर, पाणी… आज पोळा आहे, बैल सणाला गेलेत, मोट बंद आहे." साहेबांनी धुळीनं लाल झालेले डोळे त्याच्याकडं वळवले. "सरकारी बैल? कुणाच्या हुकमानं गेले?" म्हणाले, "पाणी नंतर. आधी हजेरी."

कारकुनानं वही उघडली. सगळे वेडे ओळीनं उभे. आधी मालमत्ता घेतली. घमेली सहा. दोर तीन. मोट एक. मग तो ओरडला, "बैल, दोन!"

तर ओळीतून बद्रीनाथ बाहेर आला. चार पावलं पुढं येऊन, मान खाली घालून, डावीकडची जागा धरून उभा राहिला. उजवीकडची जागा त्यानं मोकळी ठेवली होती.

"वेडा आहे हुजूर!" मोहनराव धावला. पण त्याच्या ओढाताणीत म्हाताऱ्याचा सदरा खांद्यावरून सरकला, आणि साहेबांनी तो खांदा बघितला. "हे काय?" म्हणाले.

"भिंतीला घासून घेतो हुजूर. सवय आहे त्याला." आणि मोहनरावाला एक भारी युक्ती सुचली. "माझ्यावर विश्वास नको. हा बघा, हा शहादेव, बरा झालेला माणूस. आज घरी जायचाय. यालाच विचारा!"

साहेब शहादेवापुढं आले. चांगल्या आवाजात म्हणाले, "तू शहाणा झालास म्हणतात. खरं सांग. म्हातारा भिंतीला खांदा घासतो?"

फाटकाच्या गजांतून सुंदरबाईचा चेहरा दिसत होता. पाठीमागं लाख्याची शिंगं, हिंगूळ लावलेली, लालभडक. एक 'होय' म्हटलं की संपलं. इतके दिवस घोकलेलं 'मी माणूस हाय' जिभेच्या टोकावर. त्यानं तोंड उघडलं, बद्रीनाथाच्या बाजूची ती मोकळी जागा बघितली, आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

"मला काय इचारता साहेब?" तो म्हणाला. "मी तर बैल हाय." सदरा काढून त्यानं मोहनरावाच्या पायाशी टाकला, आणि जाऊन म्हाताऱ्याच्या उजवीकडं उभा राहिला. "बैल दोन, हजर. जोडी हाय आमची."

दोन उघडे खांदे साहेबांपुढं होते, एक उजवा, एक डावा, दोन्हींवर जुवाचा एकच घट्टा. नाझिमसाहेब मूर्ख नव्हते. त्यांना सगळं कळलं. चेहरा संतापानं काळानिळा झाला, त्यांनी कारकुनाला म्हटलं, "लिहा. सरकारी बैल गायब—"

कारकून खाकरला. त्यांच्या कानाला लागून हळूच म्हणाला, "हुजूर, गेल्या तीन मुआयन्यांत आपल्या सहीनं लिहिलंय. बैल समक्ष पाहिले, तब्येत उत्तम."

आता साहेब अडकले. तीनही वेळा त्यांनी मोहनरावाकडची बिर्याणी समक्ष पाहिली होती, बैल नव्हे. बैल आज गायब म्हणावं, तर तेव्हा पाहिले ते काय? त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं, एकदा आभाळाकडं बघितलं, आणि म्हणाले, "लिहा. बैल दोन. समक्ष पाहिले. हजर."

"आणि वेडे हुजूर? चौदातले बाराच भरतात."

"दोन बरे होऊन घरी गेले."

कारकुनानं लिहिलं, साहेबांनी सही केली, वर शिक्का बसला. मोहनरावाला तर नाचावंसं वाटलं. एक मागितला होता, दोन बरे झाले! तो शहादेवाजवळ आला आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "तू घरी गेलास बरं का, शहादेवा. कागदावर. आता तुला सोडायचा हुकूम कधी येणार नाही, कारण तू इथं नाहीसच. उद्यापासून पूर्ण मापाची मोट शिवतो."

एवढा वेळ छाती ताणून उभा असलेला शहादेव मटकन खाली बसला. आपण काय करून बसलो, हे त्याला आता कळलं.

पण फाटकाबाहेर सुंदरबाई होती ना! सगळं ऐकलं होतं तिनं. आणि तोवर गावची मिरवणूकही फाटकापाशी आली होती, हलग्या वाजत होत्या, झुली पांघरलेले बैल, पुढं पाटलाचा मानाचा बैल. सुंदरबाईनं दोन्ही हातांनी गज धरले आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"साहेब! बैलं हायत न्हवं ती? तुमीच लिव्हलं न्हवं? मग पोळ्याच्या दिशी बैलं कोंडून कामून ठिवलीत?"

पाटलानं हलगी थांबवली. "कोण बैल कोंडतंय? पोळ्याला?" गावात कुजबुज झाली, मग गलका झाला. पावसानं आधीच ओढ दिलेली, त्यात हे पाप कुणाच्या माथी? लोक फाटक हलवू लागले. आतले बारा वेडे टाळ्या पिटत बैलांच्या लग्नाच्या मंगलाष्टका म्हणू लागले, बेसूर, पण एका आवाजात.

नाझिमसाहेबांनी वहीकडं बघितलं. शाई अजून ओली होती. हे बैल नाहीत असं कोणत्या तोंडानं म्हणणार? म्हणाले, "दारोगा, त्योहार है. छोड़ो."

फाटक त्रिंबकनं उघडलं. कुणी न सांगता दोघांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि शहादेवाच्या कानात म्हणाला, "मागं बघू नगंस बे."

गावच्या बायकांनी दोघांना ओवाळलं. कुणी हसल्या, कुणाचे डोळे भरले. पुरणाची पोळी आधी लाख्याला, मग मोऱ्याला, मग बद्रीनाथाला, मग शहादेवाला. हलगीच्या तालावर दोघं तोरणाखालून वेशीबाहेर गेले.

पोळ्याच्या संध्याकाळी सगळे बैल आपापल्या धन्याकडं गेले. सरकारचे दोन परत आले नाहीत. मोहनरावानं तक्रार काय करावी? वेडे पळाले म्हणावं तर ते बरे होऊन गेलेले, बैल पळाले म्हणावं तर भरून द्यायला लागणार. तिसऱ्या दिवशी त्यानं गुपचूप चौसाळ्याचे दोन बैल आणून विहिरीवर बांधले. पाच वर्षांनी सरकारी बैलांनी सरकारी विहीर पहिल्यांदा पाहिली. अर्ध्या मापाची मोट फेकून द्यावी लागली.

त्या पोळ्याच्या दुपारीच हे पाच जीव, तीन माणसं न् दोन बैल, आडवाटेनं चकलांब्याकडं निघाले होते. सुंदरबाईच्या अंगात वारं भरलं होतं. "चल रं लाख्या! चल रं मोऱ्या! चला धनी, पाय उचला, न्हाईतर कासरा लावीन!" हसून हसून तिच्या पोटात दुखायला लागलं. शहादेवही हसला, पुष्कळ दिवसांनी. दोन कोसांवर एक चिंच लागली, तिथं ती टेकली. तिच्याकडच्या पानात थोडं लोणी अजून होतं. "या हिकडं," ती म्हणाली, "ह्या माज्या तिसऱ्या बैलाचा खांदा मळायचा ऱ्हायलाय!"

तिनं लोणी घेऊन त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिचं हसू थांबलं.

वीस वर्षं बैलांचे खांदे मळले होते तिनं. राबून कातडं कसं दगड होतं, त्याखाली गाठ कुठं बसते, डोळे मिटून सांगितलं असतं. तीच गाठ, त्याच जागी, नवऱ्याच्या खांद्यावर होती. तिची बोटं तिथंच थांबली. मग ती ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि रडत रडतच चोळत राहिली.

ते झाल्यावर बद्रीनाथ मुकाट्यानं पुढं सरकला आणि आपला डावा खांदा तिच्यापुढं केला. पानाला उरलं होतं तेवढं लोणी तिनं निपटून त्याला लावलं. नाक पदरानं पुसलं, आणि बैलाच्या कानात म्हणतात तसं त्याच्या कानात म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

म्हाताऱ्यानं मान वर केली.

"कुणाच्या घरी?" त्यानं विचारलं.

"आपल्या," सुंदरबाई म्हणाली.